नववं विधान

६ फेब्रुवारी, मंगळवार

पान ८७. पुन्हा तेच! पुन्हा तेच!

यिल्डाउचा प्रबंध काल आला, दोनशे दहा पानं. सकाळी चौथं प्रकरण उघडलं आणि कॉफी जागच्या जागी थंड झाली. रूलॉफची विद्यार्थिनी ही. पाच वर्षं राबली आहे पोरगी. अकरा शाळा, तीनशे वीस मुलं. निम्मी परीक्षेला घाबरणारी, निम्मी बिनधास्त. दोन्हींतली निम्मी शांत खोलीत बसवली, निम्मी गोंगाटात. दोन गुणिले दोन, चार घरं. स्वच्छ, देखणी रचना. हेवा वाटावा इतकी देखणी.

आणि मग निष्कर्ष! घाबरणाऱ्या मुलांना शांततेत ४.१ गुण जास्त मिळाले — हा फरक सार्थक, म्हणजे नुसता योगायोग म्हणून सोडता न येणारा. बिनधास्त मुलांना ३.२ जास्त — हा सार्थक नाही, थोडक्यात हुकला. 'म्हणून शांततेचा फायदा फक्त घाबरणाऱ्या मुलांना होतो.'

म्हणून?! एकाचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं, दुसऱ्याचं उंबऱ्यावर राहिलं, म्हणून दोघं दोन गावचे? दोन फरक वेगळे आहेत असं म्हणायचं असेल तर त्या दोन फरकांमधला फरक तपासायला हवा. ४.१ वजा ३.२, म्हणजे ०.९. आणि त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातली डगमग, २.४! धुक्यात उभं राहून दोन मेंढ्यांत उंच कोणती ते सांगण्यातला प्रकार. इथे कसोटी घ्यायची असते ती आंतरक्रियेची, एक गोष्ट दुसरीचा परिणाम बदलते का याची. दोनशे दहा पानांत ती एकदाही घेतलेली नाही.

यावर कडी म्हणजे रूलॉफ शाळा मंडळाला सांगून मोकळा झाला आहे. पुढच्या वर्षापासून घाबरणाऱ्या मुलांना वेगळी खोली. दारावर पाटी. सगळ्यांना शांतता देता आली असती, ते राहिलं बाजूला. काहींच्या कपाळी शिक्का मात्र बसणार.

परीक्षक समितीत आम्ही तिघं आहोत. एकाचीही 'नाही' आली तर पदवी अडते. माझी 'नाही' येणार.


७ फेब्रुवारी

बाकी दोघांचे होकार आलेसुद्धा. एका ओळीत! वाचलं तरी का?


९ फेब्रुवारी, शुक्रवार

रूलॉफ दार न वाजवता आत आला. सव्वीस वर्षं शेजारच्या खोलीत बसतो, दार कधी वाजवलं नाही.

"विट्स्के, माझ्या पोरीला नापास करतेयस म्हणे."

"पोरीला नाही. चौथ्या प्रकरणाला."

"अगं, सगळं जग असंच लिहितं. पंधरा जणांनी वाचलंय ते, कुणी शिंकलंसुद्धा नाही."

"त्यातून पंधरा जणांना सर्दी नाही एवढंच सिद्ध होतं."

हसला. मग खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणला. म्हणाला, "तुझ्या वडिलांचं चर्च ओस पडलं ना, म्हणून तू इथे प्रवचनं देतेस."

हे लागतं, आणि लागतं हे त्याला माहीत आहे. वडील शेवटच्या वर्षी नऊ माणसांसमोर बोलायचे. आवाज मात्र नऊशेंसाठीचा. माझ्यासमोर तरी अजून चारशे असतात!

जाताना दारातून: "तिला ऑगस्टपासून नोकरी मिळाली आहे. तिकडे फ्रीसलंड प्रांतात, शाळांना सल्ला देणाऱ्या संस्थेत. पदवी असेल तर. एवढं लक्षात ठेव."

लक्षात आहे. ती उद्या शाळांना सल्ला देणार आहे म्हणूनच तर!


१३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिल्या वर्षाचं व्याख्यान. समोर चारशे मुलं, ओले कोट, चीझ-पावाचा वास. कुणी जेवतंय, कुणी फोनवर. मी फळ्यावर डूके लिहिलं. आईचा कुत्रा. दर वर्षी आंतरक्रिया त्याच्यावरच शिकवते.

"एकटा पोस्टमन आला, डूके चारदा भुंकला. एकटी मांजर आली, चारदा भुंकला. दोघं एकदम आले तर किती?"

"आठ!" मागून कुणीतरी.

"आठ? डूके पडद्यासकट खाली आला!"

हशा. मग दोन रेषा काढल्या. समांतर गेल्या तर नुसती बेरीज. एक दुसरीला सोडून वर उसळली तर आंतरक्रिया. आणि मग गंभीर झाले, नेहमी होते तशी. म्हटलं, जगातलं जे काही महत्त्वाचं आहे ते बेरजेत मावत नाही. दारिद्र्य आणि आजार. एकटेपण आणि हिवाळा. दोन गोष्टी एकमेकींचं काय करतात हे बघायला शिका. आणि एक रेषा सार्थक निघाली, दुसरी नाही निघाली, एवढ्यावरून त्या वेगळ्या आहेत असं कुणी सांगितलं तर उठून उभे राहा आणि नाही म्हणा!

फोन खाली गेले. अशा वेळी वाटतं, हे एक वाक्य जरी चारशेंतल्या दहांनी घरी नेलं तरी खूप झालं.

एका मुलीनं नंतर विचारलं, "बाई, डूके खरंच होता?" होता. जाऊन आठ वर्षं झाली. इथे मात्र दर फेब्रुवारीत भुंकतो.


२० फेब्रुवारी, मंगळवार

माझा नकार मागच्या आठवड्यात गेला. सहा पानी. आज यिल्डाउ आली. सायकलवरून भिजत. उंच, खांदे जरा वाकलेले, हातमोजे काढून गुडघ्यांवर एकावर एक नीट ठेवले. ती रडेल किंवा भांडेल अशी मी तयारी केली होती.

"तुमचं बरोबर आहे, बाई," म्हणाली. "पत्र फोनवर वाचलं, सायकल कालव्याच्या कडेला लावली आणि तिथेच बसून राहिले. मला कधी शंकासुद्धा आली नव्हती."

"पाच वर्षांत?"

"पदवीच्या पहिल्या वर्षापासून. तेव्हा शिकले ते असंच. फार छान शिकवलेलं होतं, म्हणून तर डोक्यातून गेलं नाही."

"कुणी शिकवलं?"

"प्रात्यक्षिकांच्या टिपणात होतं. घरी असेल अजून. शोधते."

प्रात्यक्षिकं! मंगळवारची व्याख्यानं माझी, प्रात्यक्षिकं रूलॉफची. मला वाटलंच होतं. मी वर्गात घसा फोडून सांगायचं आणि खालच्या मजल्यावर हा माणूस टिपणातून नेमकं उलटं पाजणार!

तिला म्हटलं, प्रकरण नव्यानं लिही. आंतरक्रिया तपास. जे निघेल ते लिही. आणि एक परिच्छेद जोड: ही चूक कुठून आली, कुणाच्या शिकवण्यातून आली, नावासकट. नाहीतर पुढच्या चारशे जणांना कळणार कसं?

मान हलवली. हातमोजे इथेच विसरून गेली.


४ मार्च

रूलॉफनं व्हरांड्यात मला ओळख दिली नाही. उत्तम.


२६ मार्च, मंगळवार

नवं चौथं प्रकरण आलं.

उभ्यानं वाचलं. काय लिहिलंय पोरीनं! आंतरक्रियेची कसोटी घेतली, काहीही निघालं नाही, आणि ते पहिल्याच वाक्यात सांगितलं. लपवाछपवी नाही, 'तथापि' नाही. शांततेचा फायदा घाबरणाऱ्यांनाच होतो असं या माहितीवरून म्हणता येत नाही. तसं नाहीच असंही म्हणता येत नाही. एकूण मुलांना मात्र शांततेनं फायदा होतो, आणि तो स्पष्ट आहे. शाळांनी दारावर पाटी लावण्याआधी सगळ्यांच्याच खोल्या शांत कराव्यात. एवढंच. पाच वर्षांचा गाजावाजा तिनं एका परिच्छेदात स्वतःच्या हातानं खाली उतरवला. रूलॉफला जेवण गेलं नसेल!

सोबत सुट्या कागदावर तिची विधानं. आमच्याकडे प्रबंधाबरोबर दहा विधानं जोडायची रीत आहे. पहिली विषयाची, मग जगाची, शेवटचं हसवणारं. दहावं, त्या सपाट प्रांतावरचं: 'समोरून येणारा वारा हा फ्रीसलंडचा एकमेव डोंगर आहे.' नववं वाचून मात्र मी टाळीच वाजवली:

'चूक एकटी फारसं नुकसान करत नाही. चांगला शिक्षक एकटा मुळीच करत नाही. दोन्ही एकत्र आले की बेरीज पुरत नाही.'

आंतरक्रियेची इतकी नेमकी व्याख्या मला पंधरा वर्षांत जमली नाही. आणि रूलॉफला काय टोला! त्याला 'चांगला' म्हणणं जरा जास्तच सौजन्याचं झालं, पण असो. आपल्या मार्गदर्शकावर असं लिहायला छाती लागते.

पण मी मागितलेला परिच्छेद? नाही. चाळलं, पुन्हा चाळलं. नाव कुठेच नाही. 'मी वापरलेली पद्धत चुकीची होती.' मी! तिनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंय.


२ एप्रिल, मंगळवार

बोलावून घेतलं. हातमोजे परत दिले.

"टिपण सापडलं का?"

"सापडलं."

"मग?"

"नाव लिहिणार नाही, बाई."

"रूलॉफला घाबरतेस?"

"नाही. रूलॉफला मुळीच नाही."

"मग ही कसली निष्ठा? सत्य मोठं की माणूस?" आवाज चढला माझा. कार्यालयातल्या हेनीनं पलीकडून भिंतीवर टकटक केली.

यिल्डाउ खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "त्या व्यक्तीनं नंतर कितीतरी जणांना बरोबर शिकवलं असेल. नाव लिहिलं तर फक्त चूक उरेल."

रूलॉफनं? बरोबर? कुणाला? मी हे तोंडावर बोलले नाही, चेहऱ्यानं बोलले असेन.

"बाई, प्रकरण बरोबर आहे ना आता?"

"प्रकरण बरोबर आहे."

"मग सही करा."

"परिच्छेदाशिवाय नाही. रोगाचं मूळ न सांगता औषधाची बाटली हातात देणं हा माझा धर्म नाही."

ती उठली. दारात थांबली, वळून माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते. रागानं की कशानं ते मला कळलं नाही. मला राग आला होता, तो मात्र मला चांगला कळत होता.


५ एप्रिल, शुक्रवार

रूलॉफचा साठावा वाढदिवस. ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा, म्हणून त्यानं जर्दाळूचा आणला. मी घेणार नव्हते. हेनीनं बशीत वाढला आणि समोर ठेवला. "खा. केकनं काय केलंय?" हेनी एकतीस वर्षं इथे सचिव आहे. आम्ही सगळे तिला थोडे भितो.

सगळ्यांदेखत रूलॉफ म्हणाला, "विट्स्के आता माझ्यावर फलक लावणार आहे. 'या माणसानं मुलं बिघडवली.'"

"लावायला हवा," मी म्हणाले.

"काय केलंय काय मी?"

"तुझ्या प्रात्यक्षिकांतून तीच चूक शिकवलीस. दहा वर्षं!"

"मी?" काटा हवेतच राहिला. "अगं, आकडे हा माझा प्रांत कधी होता? माझी पद्धत म्हणजे तुमच्या लोकांनी जे हातात दिलं ते वाचून दाखवणं."

सगळे हसले. मी सोडून. नेहमीचंच आहे त्याचं, अंगावर आलं की 'तुमचे लोक'! साठ वर्षांचा माणूस आणि स्वतःच्या टिपणाची जबाबदारी घेववत नाही!

हेनी हसली नाही हेही खरं. ती बशा गोळा करत राहिली.


१० एप्रिल

पेडेलच्या, म्हणजे विद्यापीठाच्या समारंभ-अधिकाऱ्याच्या, कार्यालयातून निरोप. पदवी समारंभाच्या दालनाच्या तारखा त्यांच्या हातात असतात. यिल्डाउसाठी २८ जून धरून ठेवली आहे. शुक्रवार १९ एप्रिल, संध्याकाळी पाचपर्यंत तिन्ही होकार आले नाहीत तर ती तारीख दुसऱ्याला. पुढची नोव्हेंबरात.

म्हणजे नोकरी गेली. मला दोष देतील. देऊ देत.


१२ एप्रिल, शुक्रवार

समितीतल्या गेंटच्या परीक्षकांचा फोन. मऊ माणूस. "हान्स्ट्रा बाई, प्रबंध उत्तम झाला आहे. तुम्ही प्रबंध तपासता आहात की कबुलीजबाब घेता आहात?"

मी त्यांना वीस मिनिटं ऐकवलं. चूक ही हवेतून येत नाही, तिला पत्ता असतो. पत्ता लपवला की ती पुन्हा घर करते. वगैरे. चांगलं बोलले. शेवटी ते म्हणाले, "तुमचं भाषण ऐकत राहावंसं वाटतं. पण त्या मुलीला ऑगस्टात नोकरीवर जायचंय."

फोन ठेवला. मी चुकीची असेन असं क्षणभर वाटलं. क्षणभरच. ती नाव घेत नसेल तर मी घेईन! पुरावा काढते आणि परिच्छेद मीच लिहून जोडते. म्हणजे सहीही करता येईल, नावही राहील. हे आधी का सुचलं नाही?


१७ एप्रिल, बुधवार

हेनीला म्हटलं, २०१३ सालचं, यिल्डाउच्या पहिल्या वर्षाचं, प्रात्यक्षिकांचं टिपण हवंय.

"तळघरात आहे. कशाला?"

"पुरावा."

चष्म्यावरून पाहिलं तिनं. "कुणाविरुद्ध?"

"रूलॉफ, आणखी कोण?"

"विट्स्के, ते मी टाईप केलं होतं."

"मग तुला आठवत असेल त्यात काय आहे."

"मला सगळं आठवतं. हाच तर माझा त्रास आहे." किल्ल्यांचा जुडगा काढला. "नक्की हवंय ना? नंतर माझ्या नावानं ओरडू नकोस."

हिला वाटतं मी रूलॉफला नोकरीतून काढायला निघालेय. माणसं जुन्या मैत्रीपायी किती आंधळी होतात!


१८ एप्रिल, गुरुवार

टिपण टेबलावर आलं. निळं पुठ्ठ्याचं वेष्टन, कडा कुरतडलेल्या. वर ठसठशीत: 'संपादन: रूलॉफ चाडेन.' बस्स!

आज दिवसभर परीक्षा मंडळ, उघडायलाही वेळ झाला नाही. पण परिच्छेदाचा मसुदा जेवणाच्या सुट्टीत लिहून टाकला. चार ओळी. नावाची जागा भरलेली, पानाचा क्रमांक तेवढा रिकामा. उद्या सकाळी तो भरायचा आणि सही करायची. पोरीला तारीख मिळेल, जगाला नाव मिळेल. कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवले.


१९ एप्रिल, शुक्रवार

पान ४१. 'पावसात पोस्टमन आला की डूके जास्त भुंकतो, हा फरक सार्थक आहे. कोरड्या दिवशी तो सार्थक नाही. म्हणून पावसानं फरक पडतो.' खाली दोन रेषा, हातानं काढलेल्या.

रूलॉफनं कुत्रा कधीच पाळला नाही.

२०१३च्या उन्हाळ्यात त्याचा पाय मोडला होता. टिपणाचं पाचवं प्रकरण त्याच्याऐवजी मी आठवड्यात लिहून दिलं होतं. विसरले. खरोखर विसरले. यिल्डाउ मार्चपासून जाणून आहे.

नववं विधान पुन्हा वाचलं.

सव्वाअकराला सही केली. मसुद्यातलं नाव खोडलं, माझं लिहिलं, पूर्ण. हेनी स्वतः पेडेलकडे घेऊन गेली.

आता रूलॉफच्या दारापाशी जायचंय. वाजवून.